धोक्याच्या वस्त्या

‘आकाशवाणी’ हे आपल्या नभोवाणीचे नाव म्हैसूरहून आले, हे पुष्कळ श्रोत्यांना ठाऊक असेल. महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकविणारे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी एक लहानसे प्रक्षेपण केंद्र उभारले, आणि त्या केंद्राचे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीला मिळाले. त्यांचे घर ओंटीकोप्पल या रुंद रस्त्यांच्या, मोकळ्या आवारांच्या आणि भरपूर झाडीच्या नव्या वस्तीत होते. तेथून फारसा दूर नाही असा एक जुना भाग त्याच शहरात आहे. त्याचे नाव मंडी मोहल्ला. आजचे भाषण या मोहल्ल्यातून निघून न्यूयॉर्क आणि शिकागोपर्यंत जाणार आहे, व वाटेत मुंबईला त्याचा मुक्काम थोडा लांबणार आहे.

अमेरिकेतील मोठमोठ्या शहरांत सर्वांत दरिद्री आणि सर्वांत धोक्याची वस्ती कोणती, हे ठरविण्याचा छंद जगभर आहे. डेट्रॉइट अधिक वाईट की सेंट लुईस, शिकागोचा दक्षिण भाग की न्यूयॉर्कचा ब्राँक्स, असे वाद तावातावाने चालतात. त्यांच्या याद्या निघतात, त्यांना क्रमांक दिले जातात. आपल्याकडे छापील याद्यांची आवड कमी. परंतु गावात नव्याने आलेल्या पाहुण्याला ‘अमक्या मोहल्ल्यातून रात्री जाऊ नका’ असे बजावण्याची रीत आपल्याकडेही जुनीच आहे. अशा सल्ल्यात ‘दरिद्री’ आणि ‘धोक्याची’ ही दोन विशेषणे जोडीने येतात. इतकी जोडीने, की त्यांची गाठ कोणी तरी, केव्हा तरी मारलेली आहे याचा आपल्याला विसर पडतो. ती गाठ केव्हा पडली, हा इतिहासाचा प्रश्न आहे. आणि धोका म्हटला म्हणजे तो कोणाला, हा त्याच्याही आधीचा प्रश्न आहे.

प्रथम मोहल्ल्याकडे वळू. जुन्या म्हैसूर शहराचे सात मोहल्ले मानले जात: किल्ला, लष्कर, मंडी, देवराज, कृष्णराज, चामराज आणि नजरबाद. यांतील काही नावे राजांची आहेत, काही कामांची. लष्कर मोहल्ला हे नाव ऐकताच पुण्याच्या श्रोत्याला आपलेच लष्कर आठवेल. म्हैसूरच्या शिलेदार पथकांत मराठेही होते, तेव्हा ती आठवण अगदीच परकी नाही. मंडी म्हणजे घाऊक मालाचा बाजार. धान्य, गूळ, मिरची, तंबाखू असा माल जेथे गाड्यांतून उतरतो, तोलला जातो आणि पुन्हा गाड्यांत चढतो, त्याच्या आसपास हमाल, गाडीवान, तोलारी, कारकून, खाणावळवाले आणि छोटे कारागीर वस्ती करतात. दुकानाच्या मागे कोठार, कोठाराच्या वर किंवा शेजारी माणसे, अशी या वस्तीची जुनी घडण. घरे एकमेकांना टेकलेली, बोळ अरुंद, गटार उघडे. ‘मोहल्ला’ हा शब्द फारशी दरबाराच्या भाषेतून आला आणि त्याचा अर्थ केवळ उतरण्याचे, राहण्याचे ठिकाण असा आहे. त्यात भीतीचा लवलेश नाही.

भीती आली ती प्लेगबरोबर. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. ए. जी. व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा रोगी ओळखला. मांडवी हा शब्द जकात घेण्याच्या जागेसाठी आपल्याकडे जुनाच आहे. मुंबईची मांडवी म्हणजे गोदीच्या पाठीशी असलेला धान्याच्या वखारींचा भाग. दोन वर्षांच्या आत, १८९८ च्या ऑगस्टात, हा रोग हुबळीकडून रेल्वेने बंगलोरला पोहोचला, आणि बंगलोर-म्हैसूर लोहमार्ग तर १८८२ सालीच झालेला होता. तेव्हा म्हैसूर दूर राहिले नाही. मांडवी आणि मंडी ही दोन ठिकाणे शेकडो मैलांच्या अंतरावर, भाषा वेगळी, राज्य वेगळे. परंतु रोगाच्या दृष्टीने ती सख्खी भावंडे होती, कारण दोन्हींच्या पोटात धान्य साठविलेले होते.

येथे थोडे थांबले पाहिजे. प्लेग उंदराच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखविले. वैद्यकशास्त्राने ते मान्य करावयास काही वर्षे लागली. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या पद्धतशीर प्रयोगांनी शंका फिटली. तोपर्यंत सरकारचा समज असा होता की रोग घाणीतून, कोंदट हवेतून, दमट जमिनीतून उपजतो. म्हणजेच गरिबाच्या खोलीतून. वस्तुतः उंदीर जगत होता तो वखारीतल्या धान्यावर. धान्य व्यापाऱ्याचे, वखार व्यापाऱ्याची, जहाजाने आणि आगगाडीने माल हलविण्याचा नफाही त्याचा. रात्री पोत्यांशेजारी निजणारा हमाल मात्र मेला, आणि रोगाचे घर म्हणून नाव पडले ते हमालाच्या खोलीचे. वखारीची बदनामी झाल्याचे कोठे वाचावयास मिळत नाही. त्या काळाच्या अहवालांतून मला दिसते ती ही गोष्ट, आणि पुढचा सगळा इतिहास तिच्यावरच उभा आहे असे मला वाटते.

मुंबईत काय झाले ते सर्वश्रुत आहे. घरांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही तीन अक्षरे रंगविण्यात आली. त्यांचा अर्थ ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’. ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढली गेली, कार्बोलिकच्या पाण्याने भिंती धुतल्या गेल्या, माणसे छावण्यांत नेली गेली. काही लाख लोक शहर सोडून कोकणात आणि देशावर परतले आणि त्यांच्या गाठोड्यांतून रोगही गेला. पुण्यात रँडच्या समितीने घरझडत्यांचा जो प्रकार केला त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री झाला, हे निराळे सांगावयास नको. त्याच वर्षी, त्याच्या तीन महिने आधी, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्याची सेवा करताना स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. दोन्ही घटना एकाच पुण्यातल्या आणि एकाच रोगाच्या निमित्ताने घडलेल्या. एकीत वस्तीकडे बाहेरून, हातात दंडा घेऊन पाहिलेले आहे. दुसरीत आत जाऊन.

म्हैसूर संस्थानात प्लेग कमिशनर म्हणून जे काम पाहत होते ते व्ही. पी. माधवराव. या आद्याक्षरांतला ‘पी’ म्हणजे पाटणकर. कुंभकोणमकडच्या मराठी घराण्यातला हा माणूस पुढे त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचा दिवाण झाला. संस्थानचे पोलीस खातेही त्यांनी सांभाळलेले होते. पोलीस आणि प्लेग ही दोन खाती एकाच अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत लागोपाठ यावीत, हा योगायोग खरा. पण तो त्या काळाच्या मनोवृत्तीला शोभणारा योगायोग आहे. रोगाचा बंदोबस्त आणि गुन्ह्याचा बंदोबस्त यांची भाषा तेव्हा एकच होती. नाकेबंदी, झडती, नोंद, हद्दपारी हे सगळे शब्द दोन्ही दप्तरांत सारखेच चालत. धोक्याची वस्ती ही कल्पना रोगाच्या वहीतून गुन्ह्याच्या वहीत उतरली ती या वाटेने.

प्लेगच्या पाठोपाठ मुंबईत १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि १९०३ साली म्हैसुरात त्याच धर्तीचे शहर-सुधारणा मंडळ निघाले. तरुण महाराज कृष्णराज वडियार यांना राज्याधिकार मिळून तेव्हा एकच वर्ष झालेले होते. म्हैसूरच्या पुढच्या लौकिकाचा पाया या मंडळाने घातला. लक्ष्मीपुरम, चामराजपुरम, ओंटीकोप्पल यांसारखे भाग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाराला आले; १९०८ साली शहरात वीज आली. आज प्रवासी म्हैसूरची स्वच्छता वाखाणतो तेव्हा तो बहुधा या नव्या भागांबद्दल आणि राजवाड्याच्या परिसराबद्दल बोलत असतो. जुन्या मोहल्ल्यांत रस्ते रुंद झाले, गटारे बांधली गेली, काही सुधारणा निश्चित झाली. परंतु नव्या वस्तीत भूखंड घेऊन घर बांधण्याची ऐपत ज्याची होती तो बाहेर पडला, आणि ज्याची नव्हती तो मंडीच्या आसऱ्याने राहिला. हमालाला बाजाराजवळच राहणे भाग असते. सुधारणेने जुना मोहल्ला ओस पाडला नाही. त्यातील सुखवस्तू तेवढे वेचून बाहेर काढले.

म्हैसूरच्या सयाजीराव रस्त्याची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे नाव या रस्त्याला आहे आणि दसऱ्याची मिरवणूक त्यावरून जाते. दिवाण पूर्णय्या यांनी कावेरीचे पाणी शहरात आणण्यासाठी खोदविलेला कालवा पुरा झाला नाही. त्याचा खंदक शहरात उरला आणि घाण साचण्याची जागा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो बुजविला गेला आणि त्या पट्ट्यात हा राजरस्ता झाला. आता न्यूयॉर्ककडे पाहा. मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण भागात ‘कलेक्ट’ नावाचे गोड्या पाण्याचे तळे होते. कातडी कमावणाऱ्यांनी आणि खाटीकखान्यांनी त्याचे पाणी नासविले, तेव्हा १८११ च्या सुमारास ते भरून काढण्यात आले. भराव कच्चा होता. जमीन खचू लागली, घरे कलू लागली, दलदल वर येऊ लागली. ज्यांना परवडत होते ते निघून गेले आणि त्या खचत्या घरांत आयरिश निर्वासित आणि मुक्त झालेले नीग्रो भाडेकरू म्हणून आले. ‘फाइव्ह पॉइंट्स’ या नावाने ही वस्ती साऱ्या जगात कुप्रसिद्ध झाली. १८४२ साली चार्ल्स डिकन्स तेथे गेला, तोही पोलिसांच्या संगतीने. म्हैसूरने घाणीचा खंदक बुजवून त्यावर राजाची मिरवणूक नेली, न्यूयॉर्कने घाणीचे तळे बुजवून त्यावर गरीब बसविले. दोन्हीकडे भूमी सारखीच नासलेली. वस्तीचे नशीब मात्र भूमीवर ठरले नाही.

याच फाइव्ह पॉइंट्सच्या लगत ‘मलबेरी बेंड’ हे वळण होते. जेकब रीस हा डेन्मार्कहून आलेला सुतार पुढे वृत्तपत्राचा पोलीस-बातमीदार झाला. त्याची कचेरी मलबेरी स्ट्रीटवर पोलीस ठाण्यासमोर असे. मॅग्नेशियमच्या भडक्याच्या उजेडात त्याने रात्री-अपरात्री इथल्या खोल्यांची छायाचित्रे घेतली आणि १८९० साली आपले गाजलेले पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाने न्यूयॉर्कच्या सद्‌गृहस्थांची झोप उडाली हे खरे. रीस मनाने कनवाळू होता हेही खरे. परंतु त्याच्या लेखणीत इटालियन असे, चिनी तसे, ज्यू अमके, अशी जातवार स्वभाववर्णने जागोजाग आहेत; आणि छायाचित्रातील माणसे झोपेतून दचकून उठलेली आहेत, हे आज ती चित्रे पाहताना विसरता येत नाही. मलबेरी बेंड पाडले गेले आणि १८९७ साली तेथे बाग झाली. तेथे राहणारे पुढे कोठे गेले, याची काळजी बागेच्या आराखड्यात नव्हती. ते शेजारच्या गल्ल्यांत शिरले आणि तेथली दाटी वाढली. १९०१ साली न्यूयॉर्कने भाड्याच्या चाळींसाठी कायदा केला. प्रत्येक खोलीला खिडकी, प्रत्येक बिऱ्हाडाला शौचकूप, असे त्याने नव्या इमारतींवर बंधन घातले. माझ्या मते बागेपेक्षा हा कायदा मोठा, कारण तो पाडण्याविषयी नसून राहण्याविषयी आहे.

तारखा जुळवून पाहिल्या तर एक गोष्ट नजरेत भरते. मलबेरी बेंडची बाग १८९७, मुंबईचा ट्रस्ट १८९८, न्यूयॉर्कचा कायदा १९०१, म्हैसूरचे मंडळ १९०३. पृथ्वीच्या दोन टोकांना असलेली शहरे सात वर्षांच्या आत एकाच विचारावर येतात: शहरातील काही भाग उरलेल्या शहराला धोका आहेत आणि तेथे कुदळ घातली पाहिजे. मुंबईच्या ट्रस्टने नागपाड्यापासून आरंभ केला, मग सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे समुद्राची हवा आत आणणारे रस्ते काढले. पण पहिल्या दशकात ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. हवा आली, माणसे हलली आणि शेजारच्या चाळींत आणखी दाटीने कोंबली गेली. १९१४ साली हिंदुस्थानात आलेले पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार गावोगाव हेच सांगत फिरले, की सरळ रेघ मारून मोहल्ले कापू नका. शस्त्रवैद्याने जपून चाकू चालवावा तसे एखादे पडके घर काढा, तेथे झाड लावा, विहीर स्वच्छ करा, उरलेले राहू द्या. त्यांना १९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक नेमले. त्यांच्या पाठीमागून आले ते गोविंद सदाशिव घुर्ये. गेडिसचा मान झाला. त्यांचा सल्ला फारसा कोणी ऐकला नाही.

ट्रस्टने ज्या चाळी बांधल्या त्यांपैकी परळच्या एका चाळीत सुभेदार रामजी आंबेडकरांचे कुटुंब राहत होते. तेथून १९१३ साली भीमराव न्यूयॉर्कला गेले. कोलंबिया विद्यापीठ ज्या टेकडीवर आहे तिच्या पायथ्याशीच हार्लेम आहे, आणि दक्षिणेकडून आलेली नीग्रो कुटुंबे त्या वर्षांत तेथे वसत होती. परतल्यावरही बाबासाहेबांचा बराच काळ परळच्या त्याच चाळीतील खोल्यांत गेला. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. ती वसाहतही त्याच ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेतली, परंतु मध्यमवर्गासाठी आखलेली. एकाच संस्थेने एका माणसाला दोन मुंबया दाखविल्या. जुलै १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील नीग्रो विद्वान डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या नीग्रोंच्या अर्जाची प्रत मागविली, आणि दु बॉइस यांनी अगत्याने उत्तर पाठविले. हा पत्रव्यवहार उपलब्ध आहे.

या दु बॉइस यांचे नाव आपल्या विषयात निराळ्याच कारणाने महत्त्वाचे आहे. १८९६ साली, म्हणजे मुंबईत प्लेग ओळखला गेला त्याच वर्षी, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फियाच्या सातव्या प्रभागाचा अभ्यास करण्यास नेमले. शहरातल्या सुधारकांची अशी धारणा होती की नगराच्या अधःपाताचे मूळ या नीग्रो वस्तीत आहे, आणि त्यांना ते शास्त्रीय पुराव्याने सिद्ध करून हवे होते. दु बॉइस आपल्या नवपरिणीत पत्नीसह त्या प्रभागातच बिऱ्हाड करून राहिले आणि सुमारे अडीच हजार कुटुंबांच्या दारी स्वतः गेले. कोण काय काम करतो, किती मिळते, भाडे किती, मुले किती जगली. १८९९ साली त्यांचा ग्रंथ आला. गुन्हे त्यांनी झाकले नाहीत. परंतु शिकलेल्या नीग्रोलाही गिरणीत, दुकानात, कचेरीत काम मिळत नाही, त्याच खोलीचे भाडे त्याला अधिक पडते, आणि अशा माणसांच्या मुलांकडून शहर सदाचरणाची अपेक्षा करते, हे त्यांनी कोष्टकांनी मांडले. शिकागोत जेन ॲडम्स यांनी १८८९ साली ‘हल हाउस’ उघडले होते. तेथील स्त्रियांनी १८९५ मध्ये आपल्या आसपासच्या घराघराचे नकाशे छापले, एकात कोण कोणत्या देशाचा आणि दुसऱ्यात कोणाला आठवड्याची मजुरी किती. आणि प्रभागातला कचरा उचलला जात नाही असे दिसल्यावर या बाईंनी स्वतः कचऱ्याच्या निरीक्षकाची नोकरी पत्करली. पहाटे उठून त्या गाड्यांच्या मागे जात.

दुसऱ्या प्रकारचे नकाशे चाळीस वर्षांनी निघाले. १९३३ साली स्थापन झालेल्या गृहकर्ज महामंडळाने १९३५ ते १९४० या काळात दोनशेहून अधिक अमेरिकन शहरांचे नकाशे रंगविले. उत्तम वस्ती हिरवी, बरी निळी, उतरती पिवळी आणि ‘धोक्याची’ तांबडी. हा धोका चोराचा नव्हता, तो सावकाराचा होता: या गल्लीत कर्ज दिले तर बुडेल काय? जेथे नीग्रो राहत तेथे बहुधा तांबडा रंग आला. तांबड्या वस्तीला स्वस्त व्याजाने घरकर्ज मिळणे दुरापास्त झाले. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून किंमत नाही, आणि शाळेला पैसा स्थानिक करातून मिळत असल्याने किंमत नाही म्हणून शाळाही नाही. भाकीत केले आणि त्या भाकिताच्या बळावरच ते खरे ठरले. घरांच्या बाबतीत वर्णभेद करण्यास कायद्याने मनाई झाली ती १९६८ साली. त्याच्या आदल्या वर्षी डेट्रॉइट पेटले होते आणि त्रेचाळीस माणसे मेली होती. चौकशीसाठी नेमलेल्या केर्नर आयोगाने वस्ती अशी होण्यात गोऱ्या समाजाचा हात असल्याचे स्पष्ट लिहिले.

पाडणे आणि बांधणे हा उपायही अमेरिकेने मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. सेंट लुईस येथे १९५४ पासून ‘प्रुइट-इगो’ या वसाहतीच्या अकरा मजली तेहतीस इमारती वस्तीला खुल्या झाल्या. उद्वाहन बंद पडले तर दुरुस्तीला पैसे नाहीत, कारण देखभालीचा खर्च भाड्यातून काढावयाचा आणि भाडेकरू दिवसेंदिवस अधिक गरीब. १९७२ पासून सुरुंग लावून त्या इमारती पाडण्यास सुरुवात झाली. मुंबईच्या डेव्हलपमेंट खात्याने १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या चाळी एका खोलीच्या होत्या, अंधाऱ्या होत्या, त्यांवर टीकाही पुष्कळ झाली. तरी शंभर वर्षे त्या भरलेल्या राहिल्या. पाच पिढ्या तेथे वाढल्या, भजनी मंडळे आणि व्यायामशाळा निघाल्या, संपांची भाषणे तेथल्या मैदानांत झाली. दगडमातीपुरते पाहिले तर सेंट लुईसच्या इमारती निःसंशय सरस होत्या.

आता तुलनेचा मुख्य मुद्दा. अमेरिकेत वर्षाला एक लाख लोकांमागे सुमारे पाच ते सात खून होतात. आपल्या देशात दोन ते तीन. सेंट लुईस शहरात अलीकडच्या काही वर्षांत हा आकडा साठाच्या वर गेलेला आहे. उत्पन्न पाहिले तर सेंट लुईसमधील दरिद्री मानलेले कुटुंब मंडी मोहल्ल्यातील उदबत्ती वळणाऱ्या कुटुंबाहून पुष्कळच अधिक मिळविते. दारिद्र्यातून आपोआप खून निघत असते तर आपले बहुतेक मोहल्ले केव्हाच निर्मनुष्य झाले असते. अमेरिकेत हातोहाती बंदुका आहेत, आपल्याकडे नाहीत; तेथे काम वस्तीपासून दूर निघून गेले, येथे काम वस्तीतच, बहुधा घरातच आहे. म्हैसूरच्या जुन्या मोहल्ल्यांतील बायका उदबत्त्या आणि विड्या वळतात ते उंबऱ्यात बसून. त्या कामाची मजुरी अन्यायाने कमी आहे आणि तंबाखूची धूळ छातीत जाते. परंतु दिवसभर उंबऱ्यात माणूस असलेली गल्ली चोराला सोयीची नसते. न्यूयॉर्कमध्ये १९९० साली २,२०० हून अधिक खून झाले आणि २०१७ साली तीनशेच्या आत. शहर तेच, गल्ल्या त्याच, गरिबी काही आठपटींनी घटली नव्हती. का घटले, यावर तेथील विद्वानांत अजून एकमत नाही. आणि ज्या वस्त्या तेव्हा यादीत पहिल्या होत्या तेथील भाडी आज मध्यमवर्गालाही झेपत नाहीत.

याचा अर्थ आपण निर्धास्त व्हावे असा नव्हे. आपल्या वस्त्यांचा धोका निराळ्या ठिकाणी दडलेला असतो: क्षयाच्या खोकल्यात, पावसाळ्यातल्या पाण्यात, बाळंतिणीच्या अशक्तपणात. हा धोका त्या वस्तीतल्याच माणसाला असतो, म्हणून तो यादीत येत नाही. मराठी साहित्यातही तो उशिरा आला. भाऊ पाध्यांचा ‘वासूनाका’ १९६५ चा आणि नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा. गोलपिठ्याला प्रस्तावना लिहिण्यापूर्वी विजय तेंडुलकर ती वस्ती पाहावयास ढसाळांच्या संगतीने गेले होते. डिकन्स पोलिसांबरोबर गेला होता. तेंडुलकरांनी वाटाड्या तरी तेथलाच निवडला.

मंडी मोहल्ल्याला असा वाटाड्या पूर्वी एकदा मिळालेला आहे. सुधारणा मंडळ नकाशे आखीत असतानाच, १९०६ साली, वेस्लियन मिशनने याच मोहल्ल्यात स्त्रिया आणि मुलांसाठी रुग्णालय उघडले. मिशनऱ्याची पत्नी मेरी होल्ड्सवर्थ हिच्या स्मरणार्थ ते उभारलेले होते. मिशनचे हेतू आणि धर्मप्रसार यांविषयी मतभेद असू शकतील. परंतु जागेची निवड पाहा. हवेशीर टेकडी किंवा नवा भाग न घेता बाजाराच्या शेजारची जागा घेतली, कारण पडद्यातली स्त्री चालत येऊ शकेल इतकेच अंतर त्यांना हवे होते. त्या रस्त्याला आज सॉडे या मिशनऱ्याचे नाव आहे. रुग्णालय अजून तेथेच चालू आहे आणि म्हैसूरचे लोक त्याला नुसते ‘मिशन हॉस्पिटल’ म्हणतात. दूरच्या खेड्यातून आलेल्या माणसाने मंडी मोहल्ल्याची वाट विचारली, तर त्याला पुष्कळदा याच इमारतीची खूण सांगितली जाते.